माझ्या पाठाला कापूस वाटणाऱ्या बाई

गोदावरीबाई सवाई यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांना सर्वांत जास्त काळ जवळून पाहिलेला सहकारी मीच, म्हणून गौरवग्रंथासाठी लेख माझ्याकडे मागितला गेला. सर्वांत जास्त काळ त्यांच्यावर जळलेलाही मीच, हे ग्रंथाच्या संपादक मंडळाला ठाऊक नसावे.

वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास बाई अकोल्याची मुलींची शाळा सोडून अमरावतीला मास्तरांना शिकवायला आल्या. नांदगाव खंडेश्वरकडच्या माळ्याची लेक, अंगाने किरकोळ आणि आवाज असा बारीक की तिसऱ्या बाकापलीकडे पोचेना. मी भिक्षुकाच्या घरातला, माझा आवाज रस्त्यापलीकडे जाई. मनात म्हटले, या काय टिकतात!

थोड्याच दिवसांत माझा आदर्श पाठ होता, 'पूर्णेचे खोरे'. फळ्यावर नकाशा काढता काढता मी नदीला उगमापासून संगमापर्यंत नेई, आणि ते पाहायला इन्स्पेक्टरसाहेब मुद्दाम येत. त्या दिवशी बाईंनी मागच्या बाकांवरच्या मास्तरांना कापसाचे बोळे वाटले आणि कानात घालायला लावले. पाठ संपल्यावर त्यांनी विचारले, काय समजले? चांदूर रेल्वेचे एक मास्तर उठले.

"गुरुजी फळ्याशीच बोलून राहिले होते, बाई. आमाले काईच समजलं नाई."

वर्ग खो खो हसला. मी तणतणत बाईंना गाठले. "माझाच पाठ का?"

"सगळ्यायहून मोठा आवाज तुमचा, गुरुजी. तोच पोचत नसन, तर बाकीच्यायचं काय घेऊन बसले? कानात बोळे घातल्यासारखं एखादं लेकरू हरेक वर्गात असते."

असे लेकरू माझ्या घरातच होते. माझी मुलगी शांता हिचे कान सहाव्या वर्षी गोवरात गेले आणि शाळेने तिला घरी पाठवले. मी रोज तिच्या कानाशी ओरडून शिकवी, आणि रोज ती रडे.

पुढच्या रविवारी माझा रुसवा काढायला बाई भावाच्या मळ्यातली वांगी घेऊन घरी आल्या. त्यांनी शांताला दारातल्या उजेडात समोर बसवले, हातात एक वांगे दिले आणि ओठ दिसतील असे सावकाश बोलू लागल्या. घटकाभरात पोर हसून उत्तरे देऊ लागली. मला आनंद झालाच, पण तळपायाची आग मस्तकाला गेली. ओसरी माझी, लेक माझी, आणि हसू त्यांच्या वाट्याला!

निघताना बाई म्हणाल्या, "गुरुजी, मिशा काढा. पोरीले तुमचे ओठच दिसून नाई राहिले."

मी काढल्या. कोण गेले म्हणून अर्धी गल्ली विचारायला आली. पण तोवर शांताची नजर दर रविवारी बाईंच्या वाटेकडे लागलेली.

पाठाचे टाचण तपासताना बाई एवढेच विचारतात, "यात कोन्तं लेकरू बाहेर राह्यलं?" त्या एका प्रश्नापायी तिवशाच्या एका शाळेत मागून दिसत नाही म्हणून फळा खिडकीजवळून हलला, आणि कापूस वेचणीला जाणाऱ्या मुलांसाठी गणिताचा तास दुपारी गेला. अकोल्याच्या त्यांच्या उन्हाळी वर्गाला मास्तर पदरचे भाडे भरून जातात. माझ्या वर्गात हजेरी घ्यावी लागते.

ओठ वाचत शाळा पुरी करून यंदा शांता आमच्याच नॉर्मल स्कूलमध्ये दाखल झाली. परवा तिचा पहिला सरावपाठ झाला. तासभर तिने वर्गाकडे एकदाही पाठ केली नाही, प्रत्येक मुलाजवळ जाऊन बोलली. माझा ऊर भरून आला होता. तेवढ्यात शेजारचे मास्तर कुजबुजले, "पोरगी अगदी बाईवर गेली, गुरुजी!"

मी बाप आहे हो तिचा.

असो. बाईंनी शंभर वर्षे धडधाकट जगावे. वऱ्हाडातल्या लेकरांना त्या हव्यातच, आणि या वयात हेवा करायला दुसरे माणूस मला कोठून मिळणार? सत्काराच्या दिवशी माझे भाषण आहे. मिशा नाहीत, आवाज बेताचा ठेवीन, समोर बघून सावकाश बोलेन. शांता पुढच्या रांगेत बसणार आहे. बाईंना हात जोडून एकच विनंती, तेवढा वेळ त्यांनी तिच्या नजरेसमोर बसू नये.