लागतंय का?

श्रीनिवास आगटे नारायण पेठेतले घड्याळवाले. त्यांच्याशी बोलणारी माणसं पेठेत बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता, असं निदान त्यांचं तरी मत होतं. लोक घड्याळ घालून अंघोळ करतात, मग मूर्खाला मूर्ख म्हणावंच लागतं. धाकटा भाऊ केदार त्याच दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं विकायचा. दोघांमध्ये नऊ वर्षं एक प्लायवूड होतं आणि अबोला होता. केदारचा डोळा या अर्ध्यावर होता. "मी हात टेकल्याशिवाय मिळायचा नाही," असं श्रीनिवासराव बायकोला, आनंदीबाईंना, सांगत, पण पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

आता मात्र तो हातच दगा देत होता. उजव्या हाताला दोन वर्षं मुंग्या येत होत्या. स्क्रू निसटू लागले तेव्हा त्यांनी स्क्रूंना शिव्या दिल्या. चिमटा सुटू लागला तेव्हा नवा चिमटा आणला. शेवटी एका गिऱ्हाईकाचं घड्याळ बोटांतून सुटून फरशीवर आपटलं, आणि प्लायवूडच्या कडेने केदार बघत होता. घड्याळाचं त्यांना काही वाटलं नाही. केदारच्या चेहऱ्यावरची दया मात्र त्यांना विषासारखी लागली. दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलंच.

तिथे अभय नावाचा शिकाऊ डॉक्टर टाचणी घेऊन आला. पायाच्या अंगठ्याला टोचून म्हणाला, "लागतंय का?"

"नाही."

घोट्यापाशी टोचली. "इथे लागतंय?"

"छे!"

साठी उलटलेल्या पुरुषाने काल मिसरूड फुटलेल्या पोरासमोर टाचणीला 'लागतंय' म्हणायचं? दोन्ही पाय झाले, दोन्ही हात झाले. श्रीनिवासराव छताकडे बघत 'नाही, नाही' म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमच्याच्याने मला लागेल असं काही होणार नाही. पुढचं बोला." अभयने खाली मान घालून लिहिलं: हातापायांना संवेदना नाही.

ते वाचून मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. दुखणं पाठीच्या कण्यात असावं, म्हणाले. आधी शॉक देऊन नसांची तपासणी, मग मानेचा आणि पाठीचा एमआरआय, मग पाठीत सुई घालून पाणी काढायचं. हाताचं राहू द्या, पुढे चालता येईल की नाही तेही आत्ताच सांगता येत नाही. आनंदीबाई आठ दिवस देव पाण्यात घालून बसल्या. श्रीनिवासराव आठ दिवस त्यांच्यावर खेकसले. घाबरलेल्या माणसाला दुसरं येतं काय?

नसांच्या तपासणीला पूर्णिमा होती. खडकीची, पंधरा वर्षं हेच काम करणारी. तिने पायाला वायरी चिकटवून शॉक दिला. पाय टुणकन उडाला आणि पडद्यावर छान उंच लाट आली. तिने पुन्हा फाइल बघितली.

"काका, पायाला काहीच कळत नाही ना?"

"मी तुमचा काका नाही. आणि कळत नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. इथे लिहिलंय."

"त्या पोराने विचारलं, लागतंय का. नाही लागत! कळतंय सगळं. मी काय दगड आहे?"

आनंदीबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, मी आठ दिवस अन्नाला शिवले नाही! तुम्हाला व्हीलचेअरवर बघत होते मी. चाळीस वर्षं मेलं हेच, 'नाही लागत, नाही लागत'. लागलं म्हणालात तर काय किंमत कमी होणार होती तुमची?" असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. श्रीनिवासरावांनी राग पूर्णिमावर काढला आणि उजवा हात तिच्यापुढे आपटला.

मग हात. करंगळीची लाट आली. अंगठ्याची रेघ सपाट. पूर्णिमाने वायर बदलली, पुन्हा शॉक दिला. सपाट.

"पाठीचं काही दिसत नाही," ती म्हणाली. "मनगटात नस दाबली गेलीय. डॉक्टर सांगतीलच."

"मग सोडवा."

"सोडवतात. थोडं जरी कळत असलं ना, तर हात बराच परत येतो. काहीच कळत नसलं तर डॉक्टर भरवसा देत नाहीत."

"तुमचं मशीन बिघडलंय. चाळीस वर्षं मशिनं उघडतोय मी, मला शिकवू नका."

"बरं, मग टाचणीने बघू. डोळे मिटा."

श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. आता 'कळतंय' म्हणायचं, गरज पडली तर 'लागतंय'सुद्धा म्हणायचं, ओरडायचं हवं तर. करंगळीला टोचलं. "कळतंय!" तिने विचारायच्या आधीच ते बोलले. मग काहीच नाही. शब्द जिभेवर तयार ठेवून ते वाट बघत राहिले. ही बाई मुद्दाम वेळ काढतेय.

"अहो, टोचा की लवकर! झोपलात का?"

आनंदीबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला, तसे त्यांनी डोळे उघडले. पूर्णिमा टाचणी बाजूला ठेवत होती. अंगठ्याच्या टोकाला तीन बारीक लाल ठिपके उमटले होते.