वडूजच्या अलीकडचे बिनपाटीचे हॉटेल

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी पहाटे आम्ही पार्ल्याच्या घराला कुलूप लावले आणि दुपारी दोनच्या सुमारास सांगलीला कृष्णेच्या पुलावर येऊन पोचलो. पोचलो म्हणजे अडकलो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बैलाच्या चालीने निघाला होता. मी काच खाली केली. नदीवरून कोरडा, स्वच्छ वारा येत होता आणि पूल संपल्यावर, बाजाराकडे वळताना, त्यात हळदीचा वास मिसळला. मी छाती भरून श्वास घेतला. कित्येक महिन्यांत मला तो तसा घेता आला नव्हता.

मिहिर आणि जुई, तुम्ही फोनवर विचारलेत की आजी-आजोबा या वयात मुंबई सोडून तिकडे कशाला गेले. त्याचे कारण हा श्वास. मुंबईच्या दमट हवेत माझा दमा इतका वाढला, की डॉक्टरांनी सरळ सांगितले, कोरड्या हवेच्या गावी राहा. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे सांगलीत एक घर रिकामे होते. प्रश्न होता तुमच्या आजोबांचा. ते मालवणचे. चाळीस वर्षे त्यांनी मुंबईच्या बंदरात जहाजांवर माल चढवून घेण्याचे काम पाहिले. समुद्र नाही अशा गावात ते कधी राहिले नव्हते, आणि ताटात मासा नसेल तर त्या जेवणाला ते नाश्ता म्हणतात.

निघण्यापूर्वी ते मला म्हणाले, "पाडव्यापर्यंत राहून बघतो. पाडव्याला हो किंवा नाही ते सांगेन. तू वाद घालायचा नाहीस."

मी कबूल केले. प्रयत्न करायचा नाही, असे मात्र मी कुठे कबूल केले नव्हते. बुधवारी आणि रविवारी दुपारचे जेवण बाहेर, असा मी नियम केला. गाव पोटात उतरले की मनातही उतरेल, असा माझा हिशेब.

पहिली खानावळ गणपतीच्या देवळामागच्या एका गल्लीत सापडली. चार बाके, एक पाण्याचे पिंप, आणि भिंतीवर 'ताटात हात धुवू नयेत' अशी पाटी. पाटीखाली बसलेले दोघे ताटातच हात धूत होते. चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. मी सवयीने मेन्यूकार्ड मागितले.

"कार्ड कशाला?" वहिनी म्हणाल्या. "आज शेपू हाय. शेपू न्हाई आवडत तर मुगाची आमटी हाय. दोन्ही न्हाई आवडत तर उद्या या."

आम्ही शेपू खाल्ला. बरोबर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि खर्डा (हिरव्या मिरच्यांचा ठेचा). इकडे वाढण्याची एक रीत आहे. कुणी काही विचारत नाही. ताट रिकामे दिसले की त्यात काहीतरी पडते, आणि तुम्ही दोन्ही हात आडवे धरीपर्यंत पडतच राहते. आजोबांना ते ठाऊक नव्हते. चौथी भाकरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे बुडणारा माणूस काठाकडे पाहतो. भाकरी मऊ होती, मधोमध नीट फुगलेली, आणि शेपूला लसणाची फोडणी अशी बसली होती, की मी घरी कधी शेपू केला होता हेच विसरावे.

"कसं वाटलं?" मी रस्त्यावर आल्यावर विचारले.

"ठीक आहे," ते म्हणाले.

पुढचे सहा आठवडे हाच शब्द. आष्ट्याच्या रस्त्यावर एका ढाब्यात आम्ही अख्खा मसूर खाल्ला. हा या भागाचा अभिमान आहे: सबंध मसूर, कांदा-खोबऱ्याच्या मसाल्यात मंद शिजवलेला, वर तिखट तेलाचा तवंग. ढाब्याचे मालक पैलवानी बांध्याचे होते. हात पुसत ते टेबलाशी आले.

"काका, मसूर कसा झालाय?"

"ठीक आहे."

"ठीक?" मालकांनी आजोबांसमोरची भांडी मोजली. "आवं, तीन वाट्या संपवल्या तुमी! चांगला झाला असता तर माजं काय ठेवलं असतं?"

आजोबा हसले, पण परतताना त्यांनी नदीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवली आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. "एवढं पाणी," ते म्हणाले, "पण तेही जातं पूर्वेला." त्यांचा समुद्र पश्चिमेला आहे, हे मला सांगावे लागले नाही.

सांगलीतली भडंग (तिखट-गोड मसाल्याचे कुरमुरे) त्यांनी खाल्ली, द्राक्षे खाल्ली. फेब्रुवारीअखेर आम्ही महाबळेश्वरला एक दिवस जाऊन आलो. स्ट्रॉबेरीच्या शेताकडेच्या एका हॉटेलात मस्का लावलेला टोस्ट आणि चहा मिळाला. आजोबांचा चेहरा उजळला. "अगदी दादरच्या इराण्यासारखा," ते म्हणाले. सगळ्या प्रवासात त्यांना मनापासून आवडलेला पहिला पदार्थ मुंबईचा निघाला. येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले. पेढ्यालाही "ठीक आहे" एवढेच मिळाले. त्या संध्याकाळी गॅलरीत ते पार्ल्याच्या मित्राशी बोलत होते. मी वाळलेले कपडे काढत होते. "येतो रे," ते म्हणाले. "पाडवा होऊ दे. येतोच."

मी कपड्यांच्या घड्या घातल्या, कपाटात नीट ठेवल्या आणि मग थोडा वेळ तिथेच बसले. पाडव्याला तीन आठवडे उरले होते. मला इथे झोप लागत होती. इथे जिना चढताना मला मध्ये थांबावे लागत नव्हते. पण जो माणूस माझ्यासाठी समुद्र सोडून आला, त्याला मी कुठल्या तोंडाने थांब म्हणणार?

आमच्या पिठाच्या गिरणीच्या मालकांनी शेवटचे ठिकाण सुचवले. ते मूळचे खटावचे. "बाई, मटणाचं खरं जेवण आमच्याकडं, कोरडवाहू भागात. वडूजच्या अलीकडं, रस्त्याला लागून. बोर्ड न्हाई. हिरवा मंडप दिसंल आन गाड्या लागल्याल्या दिसतील, तिथं थांबा."

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो. विटा ओलांडले, मायणी मागे पडली, ऊस संपला. दोन्ही बाजूंना काढणी झालेली ज्वारीची शिवारे, कडब्याच्या गंजी, मेंढ्यांचे कळप आणि लांब डोंगरमाथ्यावर सावकाश फिरणाऱ्या पवनचक्क्या. किती मोकळा आणि देखणा मुलूख आहे हा! नजर कुठे अडतच नाही. आणि मग उजव्या हाताला हिरवा मंडप दिसला. बोर्ड नव्हता. गाड्या तर तीस-चाळीस.

"बरंच चालतंय हॉटेल," आजोबा म्हणाले.

मंडपाच्या तोंडाशी फेटा बांधलेल्या एका गृहस्थांनी हात जोडले. "या या पाव्हणं, लय उनात आलासा. बसा, पंगत बसतीयाच." आमची वये पाहून त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवले. इतर लोक जमिनीवर पंगतीने बसले होते. कुणी काय हवे ते विचारले नाही, आणि दीड महिन्याच्या अनुभवाने आम्हालाही आता त्याचे नवल वाटेनासे झाले होते. बाजरीची भाकरी, मटणाचा काळपट रस्सा, कांदा, लिंबू. शेजारच्या पाहुण्यांचे पाहून आम्ही भाकरी रश्शात कुस्करली आणि हातानेच ओरपली. तिखट असे की कानांतून धूर निघावा, पण त्या तिखटाच्या मागून भाजलेल्या खोबऱ्याची आणि तिळाची अशी खोल चव येत होती, की हात थांबेना.

एक ठसठशीत कुंकू लावलेल्या आजी सगळ्यांवर नजर ठेवून फिरत होत्या. त्यांच्या कडेवर नुकताच गोटा केलेले गुबगुबीत बाळ होते. मालकीणबाई असाव्यात, असे समजून मी त्यांना म्हटले, "रस्सा फार सुरेख झालाय. रोज असतो, की फक्त रविवारी?"

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "रोज? आवं, रोज कसा आसंल?"

"मग आधी फोन करून यायला हवं," मी म्हटले. "आणि बिल इथेच द्यायचं, की बाहेर?"

आसपासचे चार घास थांबले. आजी इतक्या मोठ्याने हसल्या की कडेवरचे बाळ दचकून रडू लागले. "आरं ये फौजी!" त्यांनी फेटेवाल्या गृहस्थांना हाक मारली. ते त्यांचे चिरंजीव, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. "ह्या बाई तुज्या नातवाच्या जावळाचं बिल मागत्यात!"

जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस काढण्याचा सोहळा. इकडे त्या दिवशी मामाच्या मांडीवर बाळाचे केस काढतात आणि गावजेवण घालतात. आम्ही ज्याला हॉटेल समजलो, तो या घराचा मंडप होता. खरे हॉटेल आणखी दोन किलोमीटर पुढे होते.

मला जमीन दुभंगावी असे झाले. आयुष्यभर मी विद्यार्थिनींना शिकवले, की बोलावल्याशिवाय कुणाच्या दारी जाऊ नये. आजोबा तर ताठ उभे राहिले. त्यांनी पाकीट काढले. "माफ करा, फार मोठी चूक झाली. आम्ही ओळखीचे ना पाळखीचे..."

"काका, ते आत ठेवा," फौजी म्हणाले. "न्हाईतर आई आज मला घरात घ्यायची न्हाई."

"पण असं फुकट जेवून कसं..."

"फुकट कोण म्हनलं?" आजी म्हणाल्या. "जेवून उठल्याला माणूस फुडच्या पंगतीला वाढतोय, ही आमची रीत. हात धुतलं न्हवं? मग घ्या बादली."

आणि त्यांनी खरोखरच रश्शाची बादली आणि पळी तुमच्या आजोबांच्या हातात दिली. मिहिर, जुई, तुम्ही त्यांना ओळखता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात घड्याळ. त्यांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिले, बाह्या वर सारल्या आणि पंगतीत शिरले.

"ओ मुंबई, रस्सा हिकडं!"

"काका, वरचं पाणी नगं, तळातनं ढवळा!"

"मुंबईचा हात लहान हाय रं!"

"ताट सरळ धर की आधी!" आजोबा उलट ओरडले. पहिल्या रांगेत ते चाचपडत होते. दुसऱ्या रांगेपासून त्यांच्यातला बंदरावरचा माणूस जागा झाला. भाकरीवाल्याला त्यांनी पुढे घातले, कांदा-लिंबूवाल्याला मागे, रांगेची दोन तोंडे केली आणि दोन्हीकडून एकाच वेळी वाढप सुरू केले. फौजी कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "ह्यो माणूस आमच्या युनिटमध्ये पायजे हुता," ते म्हणाले. मधूनच आजोबांची खणखणीत हाक ऐकू येई, "रस्सा! रस्सा!" त्यांचा हा आवाज मी निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.

मलाही सुटका नव्हती. आजींनी मला चुलीजवळ बसवून पिठाचा गोळा दिला. माझी भाकरी तीनदा चिरली.

"काय करत हुतासा मुंबईला?" आजींनी विचारले.

"शाळेत इंग्रजी शिकवत होते."

"मग हिला इंग्रजीत दटावा जरा. आपलं तर ऐकंना!"

बायका पोट धरून हसल्या, आणि मीही हसले. चुलीचा धूर होता, तरी मला धाप लागली नाही. चौथी भाकरी गोल झाली, तेव्हा आजींनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली.

शेवटची पंगत उठेपर्यंत चार वाजले. आजोबांच्या सदऱ्यावर पार खांद्यापर्यंत रश्शाचे डाग होते. निघताना फौजींनी त्यांना गावच्या जत्रेचे आमंत्रण दिले. "बोलवायचं म्हनून बोलवत न्हाई," ते म्हणाले. "वाढायला माणूस कमी पडतोय."

परतीच्या वाटेवर आजोबा एकटेच बोलत होते. दोन बादल्या हव्या होत्या, एक पातळ रश्शाची आणि एक मटणाच्या फोडींची. पंगत पूर्व-पश्चिम बसवली तर उन्हाकडे कुणाचे तोंड होत नाही. पुढच्या वेळी फौजींना सांगायला हवे. दीड महिना मी त्यांना चांगले वाढणारी जागा शोधत होते. त्यांना स्वतःला वाढायचे होते, कुणाच्या तरी उपयोगी पडायचे होते, हे इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या लक्षात आले नव्हते. सुखाने जेवू घालणारी गावे पुष्कळ असतील. या मुलुखाचे मोठेपण असे, की तो अनोळखी माणसाच्या हातात बादली देतो.

घरी आल्यावर त्यांनी पाडव्याची वाट पाहिली नाही. तुमच्या बाबांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते आणि, खरे सांगते, नळ बंद करून ऐकत होते.

"पार्ल्याचं घर भाड्यानं दे," ते म्हणाले. "नाही, तुझ्या आईनं एक शब्द काढला नाही. माझंच मी ठरवलं. पण एक अट आहे. महिन्यातून एकदा आंबा घाट उतरून कोकणात मासे खायला जायचं. आणि तिला घाट लागतो ही सबब चालणार नाही."

पहिली फेरी परवाच झाली. घाटात मला दोन वेळा गाडी थांबवायला लावावी लागली. ते दोन्ही वेळा पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभे राहिले. खाली पोचलो तेव्हा पोटात काही राहिले नव्हते. मग समोर तळलेली सुरमई आली.

मी दोन तुकड्या खाल्ल्या आणि तिसरी मागवली.