चहाच्या आत उठायचं

नाशिकमधल्या आमच्या चर्चचं दर बुधवारी भरणारं महिला मंडळ मी अठरा वर्षं चालवलं. मग पाळकसाहेब म्हणाले, आता नवीन कोणीतरी तयार करा. घोटीहून लग्न होऊन आलेली एक मुलगी मी निवडली आणि वर्षभर तिला शिकवलं. दोन बुधवार न आलेल्या बाईच्या घरी जायचं, तब्येत विचारायची, छोटी प्रार्थना करायची. कारण खोदून विचारायचं नाही. आणि चहा व्हायच्या आत उठायचं, नाहीतर एकाच घरी संध्याकाळ जाते, असं मी तिला दोनदा बजावलं होतं.

काम सोपवलं आणि मी जाणंच सोडलं. राग नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. बुधवारी चार वाजता साडी बदलायची राहून जायची, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात ती दारात आली.

"मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे गं. पुढच्या बुधवारी येते."

हेच उत्तर मला कितीतरी जणींनी दिलं होतं, आणि मी ते खरं धरून पुढच्या घरी गेले होते.

तिने प्रार्थना केली. मी आत जाऊन दोघींच्या चहाचं आधण ठेवलं. बाहेर आले, तर ती चपला घालत होती. ती कुठेच चुकली नव्हती.