नेफ्यावरचं लेबल

आधीच सांगून टाकते, मला हे प्रकरण अजूनही धड कळलेलं नाही.

इथे गुजरातेत, गोडादऱ्यातल्या आमच्या सखी मंडळाच्या बायकांना पर्वत पाटियाजवळच्या प्रदर्शनात टेबलं मिळणार होती. आपला माल आपणच विकायचा, मधे कोणी नाही. चौदा वर्षं मी एका शेठसाठी घरी परकर शिवत आलेय. कापड त्याचं, लेबल त्याचं, मेहनत माझी. एकदा तरी माझा परकर माझ्या हाताने गिऱ्हाइकाला द्यायचा, एवढीच माझी हौस होती. "कशाला नसती उठाठेव," असं हे म्हणाले. पण मी ऐकते थोडीच! स्वतःचं कापड आणून साठ परकर शिवले.

अर्ज निघाला इंग्रजीत. त्यात शेजारी-शेजारी दोन रकाने, प्रॉडक्ट मेक आणि ब्रँड नेम. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला विचारलं.

"मेक म्हणजे कोणी बनवलं ते. ब्रँड म्हणजे कोणत्या नावाने विकतात ते."

"मग एकच ना ते?"

"नाही मम्मी, अलग अलग."

"अगं, बनवलं मी, तर नाव दुसऱ्याचं कसं असेल?"

"चौदा वर्षं तेच तर चाललंय तुझं!" म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये शिरली. कार्टी! माझ्या डोक्याला भुंगा लावून मोकळी झाली.

शेवटी मेकमध्ये माझं नाव लिहिलं आणि ब्रँडमध्ये शेठच्या लेबलावरचं. कारण साठच्या साठ परकरांवर मी त्याचंच लेबल शिवून बसले होते! हसू नका. लेबलं घरात शिल्लक होती, आणि नेफा झाला की डाव्या अंगाला लेबल टाकायचं ही हाताची सवय. त्याशिवाय परकर पुरा झालाय असं वाटतच नाही. आपण काही वावगं करतोय हे मनातसुद्धा आलं नाही.

अर्ज घेणाऱ्या मॅडमनी मी नमुन्याला नेलेला परकर उलटा करून पाहिला. "बेन, ये नाम तो दूसरे का है. उसका लेटर लाओ, नहीं तो टेबल नहीं मिलेगा."

"पर सिलाई तो मेरी है."

"मेक आपका है, ब्रँड नहीं."

माय वं! मला घामच फुटला. शेठच्या कानावर गेलं असतं तर हातचं कामही गेलं असतं. मॅडम भल्या होत्या. लेबलं काढा आणि ब्रँडचा रकाना कोरा सोडा म्हणाल्या. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. मायलेकी ब्लेड घेऊन बसलो आणि साठ लेबलं उसवली. लेक म्हणाली, "तुझ्या नावाची छापून घेऊ." पण तेवढा वेळ कुठे होता?

टेबलावर पहिलीच आली ती एक जाडजूड गुजराती बाई. तिने परकर उलटा केला, शिवण ताणून पाहिली आणि शेठच्याच लेबलाचं नाव घेतलं. "एकदम वैसी सिलाई है. मैं हमेशा वही लेती हूँ."

मला इतका आनंद झाला की राहवलंच नाही. "बेन, वो भी मैं ही सिलती हूँ!"

तिने नेफ्याची डावी बाजू बोटांनी चाचपली. लेबल उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसत होती. ती माझ्याकडे बघून हसली.

"सब ऐसा ही बोलते हैं. नकली है, पर अच्छा है. दो दे दो."

असली माल कोणाचा, नकली कोणाचा, माझं मलाच कळेना. "हां बेन," म्हटलं आणि माझ्या हाताने दोन परकर तिच्या पिशवीत घातले.