तेवीस नंबर

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, चपला बाहेर काढून आत जायची एक थंडगार खोली होती. त्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि ऐंशीच्या दशकातली माझी चार वर्षंही तिथेच गेली. कुठल्या गोदामात कुठलं औषध किती आहे हे सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्याचा मला केवढा तोरा होता!

प्रोग्राम चालताना अडला, तर का अडला हे त्यानं कागदावर छापायचं असतं. माझा प्रोग्राम नुसता आकडा छापायचा. सतरा, तेवीस, एकतीस. असे एक्केचाळीस आकडे होते आणि त्यांचे अर्थ फक्त माझ्या डोक्यात. मशीनमध्ये जागा कमी, लांब वाक्यं मावत नाहीत, असं मी साहेबांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं. एखाद्या वहीत अर्थ लिहून ठेवायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण आकडा उमटला की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि गिरणी कामगाराच्या मुलीला ते फार सुखाचं वाटायचं.

मग रविवारीही बोलावणं यायला लागलं. गोरेगावला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या काकूंकडे तेवढा फोन होता. त्या जिन्यातूनच ओरडायच्या, "अगं ए, तुझा आकडा लागला बघ!" सगळी बिल्डिंग हसायची. सुरुवातीला मीही हसायचे. पुढे पुढे ते हसू आटलं. कुठे जाता येईना, आजारी पडता येईना.

गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच होते, आणि त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मे महिन्यात गावी ने, घर एकदा डोळे भरून बघून घेतो.

रजा मिळाली. बोरिवलीहून सुटणाऱ्या एसटीची दोन तिकिटं काढली. निघायच्या दिवशी सकाळी बाबा डोळ्यांत थेंब घालून, इस्त्रीचा शर्ट घालून ट्रंकेवर बसले होते आणि काकूंची हाक आली. तेवीस.

ऑफिसला जाऊन मी मशीनची माहिती साठवणाऱ्या टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. काम पाच मिनिटांचं. पण साहेब म्हणाले, "महिनाअखेर आहे, परत काही आलं तर? पावसाळ्यानंतर जा ना." मी मुकाट्यानं मान हलवली. त्या मानेचा मला अजून राग येतो.

घरी आले तेव्हा ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेली होती. बाबा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तेवीस म्हणजे काय गो?"

"टेपचं हेड मळलंय. पुसा."

"मग तसंच लिहायचं ना. पाळी संपली की आम्ही मागावर खडूनं लिहून जायचो, डावीकडे धागा तुटतोय, बघ. पुढचा माणूस ओळखीचा असो नसो. नाहीतर घरी कधी आलो असतो?"

मला रडूच फुटलं. एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात येऊ नये?

दुसऱ्या दिवसापासून मी एकेक आकडा खोडायला घेतला. काय बिघडलं, कुठे बिघडलं, काय करायचं, हे मशीनमध्ये मावेल अशा आखूड, साध्या इंग्रजीत लिहायचं. मशीन मोकळं मिळेल तेव्हा घुसायचं, एक वाक्य बदलायचं, तपासायचं. मशीन चालवणारा ऑपरेटर चिडवायचा, "मॅडम, आता तुम्हाला कोण विचारणार?" कुणी विचारू नये म्हणूनच तर चाललं होतं सगळं. पण एक्केचाळीस वाक्यांना सगळा पावसाळा लागला. शेवटी एका सोमवारी ऑपरेटरच्या वहीत ओळ दिसली, की टेपचं हेड मळलं होतं, पुसलं, काम चालू. रविवारी फोन वाजलाच नव्हता. मी साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला आणि यावेळी मान हलवली नाही.

गावी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पावसाळाभरात नजर आणखी गेली होती; बाबांना आता फक्त उजेड आणि सावली कळत होती. मी त्यांना हाताला धरून अंगणात उभं केलं.

"काय दिसता?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर उरकायची घाई झाली होती, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "सगळं तसंच आहे, बाबा."

"तसाच म्हणजे कसा गो? नीट सांग."

मग मी त्यांचा हात घट्ट धरला आणि पायरीपासून सुरुवात केली. पायरीचा डावीकडचा दगड निखळलाय, बाबा. त्यात तेरड्याचं रोप उगवलंय.

"फूल कुठल्या रंगाचा?" त्यांनी विचारलं.