आबांची गाजरं

मातीतून गाजर उपटायचं, धोतराच्या सोग्याला पुसायचं, मधोमध मोडायचं आणि अर्धं समोरच्याच्या हातावर ठेवायचं. समोरचा पाण्यासाठी इकडेतिकडे बघायला लागला की आबांना वाईट वाटायचं. म्हणायचे, "धुतलं की चव जाती, मास्तर. हाय तसं खा."

मी खायचो. तुम्हीही खाल्लं असतंत. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती, चिंचवडच्या पलीकडे पवनेकाठच्या एका गावात मी नवा मास्तर होतो, आणि त्या गावात मला पहिल्यांदा आपलं म्हटलं ते या मळेवाल्या म्हाताऱ्याने. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, तिथल्या मजुरांत आबांची भाजी हातोहात खपायची. तरी दुपारच्या सुट्टीत गाजरांची एक पाटी शाळेच्या पायरीवर हजर असायचीच. पोरं तुटून पडायची आणि आबा कौतुकाने बघत बसायचे.

अधूनमधून तालुक्याहून डॉक्टर सायकलवर यायचे. जवळपास सगळ्याच पोरांच्या पोटात जंत. संध्याकाळी शाळेत औषधाची पुडी, सकाळी एरंडेल. आयांनी आधी पोरांना गूळ चारलेला असे, कारण गुळाच्या वासाने जंत एका जागी गोळा होतात अशी गावाची पक्की समजूत. त्या पुडीची गंमत अशी की पोरांना काही वेळ सगळं पिवळं दिसायचं. एकदा अख्खा वर्ग माझ्याकडे बघून खिदळायला लागला. मी तेव्हा बिनलग्नाचा. आबा दारातूनच ओरडले, "मास्तरला हळद लागली रं!"

आबांची नात ठकू पहिलीत होती. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट. पुडीच्या दिवशी आबा तिला खांद्यावर बसवून आणायचे आणि सगळ्यांच्या आधी डॉक्टरांपुढे उभी करायचे. जंत पडायचे, पोट बसायचं, ठकू महिनाभर उड्या मारायची. मग पोट पुन्हा पुढे. हीच गत सगळ्या शाळेची. डॉक्टर वैतागायचे. "औषध पोट झाडतं हो, पहारा नाही करत. हे परत येतात कुठून?"

एका हिवाळ्यात ठकूचं पोट दगडासारखं झालं. ओकारीतून जंत पडले. आबांनी गाडी जुंपली आणि तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. पोर मरता मरता वाचली.

ती परत आल्यावर डॉक्टर शाळेत आले ते पुड्या न काढताच पोरांपुढे उभे राहिले. "तुम्ही कच्चं काय काय खाता रे?"

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आबांची गाजरं!"

आबा पाटी घेऊन दारातच होते. आपलं नाव निघालं म्हणून खुशीत हसले.

"गाजरांना खत कोणतं घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोनखत. दुसरं काय? गावच्या खड्ड्यातलं, एक नंबर." आबांनी छाती पुढे काढून सांगितलं. गावातल्या टोपलीच्या संडासांतली घाण गावाबाहेरच्या खड्ड्यात पडे, तेच हे सोनखत. आमच्याकडे ते घालणारा शेतकरी हुशार समजला जायचा.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पोरांच्या पोटातल्या जंतांची अंडी त्या खड्ड्यात जातात, खड्ड्यातून मळ्यात, आणि न धुतलेल्या गाजरावरून परत पोरांच्या पोटात.

आबांनी पाटी खाली ठेवली. "म्हंजी ठकीला म्या खाऊ घातलं व्हय?"



दुसऱ्या दिवसापासून आबा घरोघर फिरले. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि हात जोडायचे. "चुकलं माझं. तुमच्या लेकराला म्या घाण चारली." बहुतेक आया ओशाळून म्हणत, "आबा, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" एकीने मात्र दार लावून घेतलं. आबा त्या दाराला हात जोडून पुढे गेले. मी ते ओट्यावरून पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खड्डा सगळ्या गावाचा होता, त्यात माझ्या बिऱ्हाडाचीही घाण होती. भाजी छान आली तेव्हा आम्ही मिटक्या मारल्या आणि लाज वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याला एकट्याला पुढे केलं. त्याच्याबरोबर चार दारं हिंडायला आमच्यातला एकही उठला नाही.

आबांनी मळा मोडून ज्वारी पेरली. पुड्या चालूच राहिल्या. पुढे एकदा डॉक्टरांनी ठकूला तपासलं आणि म्हणाले, हिच्या पोटात आता काही नाही, जंत परत झालेलेच नाहीत. मी धावत आबांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते, ठकू मांडीवर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आन बाकीच्या पोरांचं?"

"काहींना परत झालेत."

"माझा मळा तर बंद हाय की."

"दुसऱ्यांचे चालू आहेत, आबा. आणि पोरं परसाकडला ओढ्यालाही बसतात. हे तुमच्या एकट्यामुळे नव्हतंच."

मला वाटलं, हे ऐकून म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. आबांनी मान हलवली. "पर खाऊ घालनारा हात तर माझाच व्हता."

इतक्यात सुनेने दूध-भाकरीची वाटी आणून पुढ्यात ठेवली. ठकूने आबांकडे तोंड वर करून आ केला. आबांनी दोन्ही हात धोतरावर घासले, पुन्हा घासले, आणि आत हाक मारली, "सूनबाई, तू भरव हिला."