गोष्टीत नसलेला मुकादम

बीडच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होतो. मराठीच्या सरांनी फळ्यावर एक छोटी बोधकथा लिहिली आणि म्हणाले, "सारांश लिहा. पूर्ण आणि तटस्थ. ज्याचा जमेल, त्याचा भित्तिपत्रकावर लावू."

भित्तिपत्रक म्हणजे मराठी विभागाबाहेरची काचेची चौकट. जाता-येता मी तिच्यापाशी उगाच थांबायचो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्या काचेमागं आपल्या अक्षरातला एक कागद असावा, असं फार वाटायचं. कुणाला बोललो मात्र नव्हतो.

कथा अशी होती. उन्हाळ्यात एका हौदापाशी बैल, शेळी आणि राखणदार कुत्रा जमतात. बैल म्हणतो, मोट ओढून पाणी मी आणलं, आधी मी पिणार. कुत्रा म्हणतो, राखण मी केली, आधी मी. शेळी म्हणते, मला घोटभरच लागतं, मला पिऊ द्या. भांडता भांडता संध्याकाळ होते. हौदाला खालून चीर असते, सगळं पाणी झिरपून जातं. तिघेही तहानलेले परत जातात. खाली तात्पर्य दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमका माझाच कागद आधी उचलला. सर वाचू लागले, "कष्टाळू बैल, बिचारी शेळी आणि मुकादम कुत्रा हौदापाशी जमले..." आणि थांबले. "मुकादम?"

वर्गात हशा पिकला. मी असं लिहिलंय हे मलाच खरं वाटेना. माझे आई-वडील शिरूर कासारहून दर हंगामाला ऊस तोडायला जातात. टोळी गोळा करून नेणारा आणि तिच्यावर नजर ठेवणारा तो मुकादम. राखणदार लिहायला गेलो आणि हातून हाच शब्द उतरला.

माझ्या शेजारी बसणारा मित्र नेकनूरहून एसटीनं यायचा. त्याचे वडील मुकादम. त्यानं मला कोपर मारलं.

"काय बे, आमचे पप्पा भुंकत्यात का?"

"न्हाई रे, चुकून झालं."

"लई बरोबर चुकतू की तू!" तो हसत होता, पण कान लाल झाले होते.

सर हसले नाहीत. म्हणाले, "कष्टाळू, बिचारी, मुकादम. यातलं कथेत काय आहे?" काहीच नव्हतं. "उद्या पुन्हा लिहून आण. तोवर चौकटीतली जागा मोकळी ठेवतो."

मोकळी ठेवतो! मला तेवढंच ऐकू आलं.

कॉलेज सुटल्यावर बसस्टँडच्या बाकावर बसून मी सारांश नव्यानं लिहिला. मित्राच्या गाडीला अवकाश होता. भीत भीत त्यालाच वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, 'बैल आणि शेळी तहानलेले परत गेले.'

"आन् कुत्रा?" त्यानं विचारलं.

"कुत्र्याचं काय?"

"त्यो बी तहानलेलाच गेला की. कावून गाळला त्याला?"

मी फोनमधला फळ्याचा फोटो उघडून पाहिला. 'तिघेही' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते कितीदा तरी वाचलं होतं, आणि तरी दोघांनाच तहानलेलं ठेवलं होतं.

"मुकादमाला बी तहान लागती, बे," तो म्हणाला. "कारखान्यावर पप्पांना काय काय ऐकून घ्यावं लागतं, तुला न्हाई ठाऊक."

यावर माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी पुन्हा माझ्या कागदाकडं पाहिलं. पूर्ण आणि तटस्थ या मी दोन वेगळ्या अटी समजत होतो. माझा ज्याच्यावर राग, नेमका तोच माझ्या सारांशातून गळाला होता! मी 'तिघेही' लिहिलं आणि सगळं पुन्हा वाचलं.

"आता सांग, मी कुणाकडून हाय?"

त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. "कळंना बे."

मी बाकावरून उडालोच.

सकाळी सरांनी माझा कागद वर्गाला वाचून दाखवला आणि विचारलं, "लिहिणारा कुणाच्या बाजूचा आहे?" कुणी बैलाच्या म्हणालं, कुणी शेळीच्या. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "कुत्र्याच्या!" सरांनी हसून टाचण्यांची डबी माझ्या हातात दिली.

चारही कोपऱ्यांना टाचण्या टोचून मी कागद लावला. तिथूनच आईला फोन लावला. ती उसाच्या फडात होती.

"आई, माझं लागलं!"

"कुठं लागलं रं लेकरा? रगत आलं का?"

"तसं न्हाई गं! मी लिहिलेलं कॉलेजात लागलं. काचेत!"

"आगं बया! मग वाच की."

काचेतून बघत मी मोठ्यानं वाचलं. येणारे-जाणारे वळून बघत होते, पण माझा आवाज काही खाली येत नव्हता. आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ब्येस हाय. पर हौदाला चीर कुणी पाडली?"

माझ्या जिभेवर मुकादमाचं नाव आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "गोष्टीत तेवढं सांगितलेलं न्हाई, आई."